एअर इंडियाची गोष्ट, टपालाच्या पिशवीपासून आजपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअर इंडियाचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात, एक तर महाराजा हे तिचं मिशीवालं बोधचिन्ह आणि दुसरं म्हणजे कर्ज. पण मधली नव्वद वर्षं कुणी धड सांगत नाही, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, काही ठिकाणी मी जरा रेंगाळलोय कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

एअर इंडिया नक्की कधी सुरू झाली? कुणी १९३२ म्हणतं, कुणी १९४६, कुणी १९४८.

तिन्ही बरोबर आहेत, म्हणूनच गोंधळ होतो. १५ ऑक्टोबर १९३२ ला टाटांच्या हवाई टपाल सेवेचं पहिलं विमान उडालं, ती खरी सुरुवात. २९ जुलै १९४६ ला टाटा एअरलाइन्सची पब्लिक लिमिटेड कंपनी झाली आणि तिला 'एअर इंडिया' हे नाव मिळालं. परदेशात उडण्यासाठी १९४८ मध्ये 'एअर इंडिया इंटरनॅशनल' ही वेगळी कंपनी काढली, त्यातला 'इंटरनॅशनल' हा शब्द १९६२ मध्ये गळला. मी वाढदिवस १९३२ चाच धरतो कारण माणसं तीच होती, काम तेच होतं, पाटी तेवढी बदलत गेली.

नावाचा किस्सा छान आहे. इंडियन एअरलाइन्स, पॅन-इंडियन, ट्रान्स-इंडियन आणि एअर इंडिया असे पर्याय होते आणि टाटांच्या लोकांनी कर्मचाऱ्यांकडून मतं मागवली, त्यात एअर इंडिया पुढे आली.

पहिल्या विमानात किती प्रवासी होते?

एकही नाही. विमानात पायलट होता आणि टपालाची पिशवी होती.

हे जरा नीट समजून घ्यायला पाहिजे कारण पुढचा सगळा स्वभाव इथून आलाय. तेव्हा लंडनहून येणारं टपाल इम्पीरियल एअरवेज ही ब्रिटिश विमान कंपनी कराचीपर्यंत आणायची, आणि तिथून पुढे ते रेल्वेने निवांत यायचं. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक ब्रिटिश पायलट होते, आधी रॉयल एअर फोर्समध्ये, मग भारतात विमानं घेऊन फिरणारे, त्यांच्या डोक्यात आलं की कराचीहून पुढे टपाल आपण विमानाने नेलं तर? त्यांनी ही कल्पना जेआरडी टाटांना सांगितली, जेआरडींना ती लगेच पटली पण टाटा समूहाचे तेव्हाचे प्रमुख दोराबजी टाटांना पटवावं लागलं, शेवटी २ लाख रुपये घालायचं ठरलं. सरकारकडे अनुदान मागितलं तर सरकार नाही म्हणालं. मग टाटांनी सांगितलं की अनुदान राहू द्या, जेवढं टपाल नेऊ तेवढ्याचे पैसे द्या, आणि यातही बोलणी वर्षानुवर्षं चालली, १९२९ ला निघालेला प्रस्ताव १९३२ मध्ये मार्गी लागला.

१५ ऑक्टोबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ या एका इंजिनच्या छोट्या विमानातून निघाले. रेडिओ नाही, वाट दाखवणारं कुठलं यंत्र नाही, खाली बघायचं आणि नकाशाशी जुळवायचं. अहमदाबादला उतरले, तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते, ते टाकीत ओतले आणि दुपारी जुहूला पोचले. जुहूहून पुढे व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

जेआरडींना विमान कुणी शिकवलं? ते तर उद्योगपती होते ना?

उद्योगपती नंतर झाले, विमानाचं वेड आधीचं. त्यांचा जन्म १९०४ चा, पॅरिसचा. लहानपणी सुट्टीत फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्देलो गावी राहायचे आणि तिथे शेजारी कोण, तर लुई ब्लेरिओ, इंग्लिश खाडी विमानातून पहिल्यांदा ओलांडणारा माणूस. पंधराव्या वर्षी तिथेच जेआरडी पहिल्यांदा विमानात बसले. मुंबईला फ्लाइंग क्लब निघाला तेव्हा शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना भारतात दिलं गेलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं, त्यावर नंबर १ आहे.

१९३० ची आगाखान स्पर्धाही इथेच सांगतो. भारत ते इंग्लंड किंवा उलट, एकट्याने विमान उडवायची ती स्पर्धा होती. जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे चाललेले आणि अ‍ॅस्पी इंजिनिअर हा तरुण मुलगा इंग्लंडहून इकडे येत होता, दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता, जेआरडींनी आपल्याकडचे जास्तीचे दिले, आणि अ‍ॅस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला. हेच अ‍ॅस्पी पुढे १९६० मध्ये हवाई दलप्रमुख झाले.

सुरुवातीला धंदा चालायचा का, की हौसच होती?

चालायचा. पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी नेले आणि ६० हजार रुपये नफा कमावला. १५५ प्रवासी म्हणजे आत्ताच्या एका मध्यम विमानात मावतील एवढे, वर्षभरात मिळून! पण नफा प्रवाशांवर नव्हता, टपालावर होता. आणि टपालाचं गणित साधं, पत्र वेळेवर पोचलं तर पुढचं पत्र मिळणार. सरकारी नागरी विमान वाहतूक खात्याने आपल्या अहवालात टाटांच्या सेवेचा वक्तशीरपणा १०० टक्के असल्याचं लिहिलं, अगदी भर पावसाळ्यात पश्चिम घाट ओलांडतानाही.

आणि पावसाळा म्हणजे काय होता ते ऐका. जुहूचं मैदान समुद्राला लागून, चिखलाचं, पावसात भरतीच्या पाण्याखाली जायचं. मग दोन विमानं, तीन पायलट आणि तीन मेकॅनिक असा अख्खा संसार उचलून पुण्याला न्यायचे, तिथे येरवडा तुरुंगाच्या सावलीतलं एक मैदान वापरायची परवानगी होती. म्हणजे पुण्याच्या माणसाने म्हणायला हरकत नाही की पावसाळ्यात एअर इंडिया येरवड्याला राहायला यायची. मला या सगळ्या इतिहासात हे सहा माणसांचं चित्र सगळ्यात जास्त आवडतं. जे काय पुढे मोठं झालं ते या सवयीवर झालं असं माझं ठाम मत आहे, हातात थोडं असलं तरी दिलेली वेळ पाळायची.

१९३८ मध्ये एम्पायर मेल योजना आली, साम्राज्यातली पत्रं विमानाने जायला लागली आणि टाटांचं काम एकदम वाढलं. व्हिन्सेंट मात्र पुढचं बघायला राहिले नाहीत, १९४२ मध्ये युद्धात त्यांचं विमान पाडलं गेलं. त्यांचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहिलंय.

परदेशी पहिली फ्लाइट कुठे गेली?

मुंबईहून लंडन, मध्ये कैरो आणि जिनिव्हा, ८ जून १९४८, मंगळवार. विमान लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव 'मलबार प्रिन्सेस', ३५ प्रवासी, कॅप्टन के. आर. गझदर. स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. कंपनीत सरकारचा वाटा ४९ टक्के, टाटांचा २५ आणि बाकी लोकांचा, म्हणजे सरकार आणि खासगी भागीदारी हे तेव्हाच करून झालं होतं. सुरुवातीला आठवड्यातून एकच फेरी होती.

महाराजा कुठून आला? तो खरा कुठला राजा आहे का?

नाही, कुठल्याच संस्थानाचा नाही. १९४६ मध्ये कमर्शियल डायरेक्टर बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीतले चित्रकार उमेश राव यांनी मिळून तो बनवला, आणि तोही विमानात द्यायच्या साध्या मेमो पॅडसाठी. पुढे तो पॅडवरून उतरून जाहिरातींत आला. गेला त्या देशाप्रमाणे वेष बदलायचा, कुठे सुमो पैलवान, कुठे पॅरिसचा चित्रकार. कूकांची दृष्टी अशी की प्रवाशाला 'तू आमचा पाहुणा' हे एका चित्रात कळलं पाहिजे. ज्या विमान कंपनीकडे मोजकी विमानं होती तिला जगभर लोक ओळखायला लागले त्यात या मिशीवाल्याचा वाटा खूप मोठा आहे.

१९५३ मध्ये सरकारने ताब्यात का घेतली? चांगली चालत होती ना?

परदेशी सेवा चांगली चालत होती, देशातली विमान वाहतूक नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराची जुनी डकोटा विमानं स्वस्तात मिळायला लागली, ती घेऊन भराभर कंपन्या निघाल्या आणि प्रवासी तेवढे नव्हतेच. त्यात १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणांहून विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरला भेटायची, तिथे पिशव्यांची अदलाबदल करून पहाट व्हायच्या आत आपापल्या गावी परत. कल्पना म्हणून फारच सुंदर आणि नागपूरकरांना त्याचा अभिमान वाटला तर काही चूक नाही, पण जेआरडींचा याला विरोध होता, त्यांचं म्हणणं की आधीच कंपन्या तोट्यात आहेत, रात्री उतरायच्या सोयी पुरेशा नाहीत, आणि तुम्ही अजून ओझं टाकताय.

कंपन्या दमत गेल्या आणि शेवटी एअर कॉर्पोरेशन्स अ‍ॅक्ट हा विमान कंपन्या सरकारी करणारा कायदा आला. १ ऑगस्ट १९५३ पासून देशातल्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल वेगळी राहिली. जेआरडींना हे मनापासून पटलेलं नव्हतं, तरी चेअरमन म्हणून राहायला ते तयार झाले, आणि पुढची पंचवीस वर्षं त्यांनी सरकारी कंपनी स्वतःची असल्यासारखी सांभाळली.

मग सरकारी असूनही ती भरभराट कशी झाली?

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण 'सरकारी म्हणून बुडाली' असं एका वाक्यात संपवणारे लोक ही पंचवीस वर्षं विसरतात.

जेआरडी प्रत्येक प्रवासानंतर टिपणं लिहायचे. पडदे कसे आहेत, काउंटरवर धूळ आहे का, टॉयलेट स्वच्छ आहे का. एका टिपणात त्यांनी लिहिलं की विमानात मिळणारा चहा आणि कॉफी यांच्या रंगात फरकच कळत नाही. चेअरमनने चहाचा रंग बघायचा का, असं कुणी म्हणेल. पण चेअरमन चहाचा रंग बघतो हे ज्या कंपनीत सगळ्यांना माहीत असतं तिथे इंजिनचा बोल्ट घट्ट करणारा माणूसही दोनदा बघतो.

त्यात मंत्री आणि अधिकारी रोज हात घालत नव्हते हेही खरं. विमानं कुठली घ्यायची, कुठे उडवायची हे उडवणारी माणसं ठरवत होती. फेब्रुवारी १९६० मध्ये पहिलं बोइंग ७०७ 'गौरीशंकर' आलं, जेट विमान घेणारी ही आशियातली पहिली कंपनी. त्याच वर्षी १४ मे ला न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये जुनी पंख्याची विमानं काढून टाकली आणि सगळीच्या सगळी विमानं जेट असलेली जगातली पहिली कंपनी असा मान एअर इंडिया सांगायला लागली. १९७१ च्या एप्रिलमध्ये पहिलं जंबो ७४७ आलं, 'एम्परर अशोक', खिडक्यांभोवती बाहेरून राजवाड्याचे झरोके रंगवलेले. ते झरोके लक्षात ठेवा, पुढे परत येणारेत.

साल्व्हादोर दालीचा अ‍ॅशट्रे आणि हत्तीची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १९६७ मध्ये एअर इंडियाने दाली या स्पॅनिश चित्रकाराकडून फर्स्ट क्लासच्या प्रवाशांना भेट द्यायला एक अ‍ॅशट्रे डिझाइन करून घेतला, हंस उलटा करून पाहिला तर हत्ती दिसतो असं ते काम. मोबदला म्हणून दालीने हत्तीचं पिल्लू मागितलं आणि एअर इंडियाने ते भारतातून विमानाने जिनिव्हाला आणि तिथून पुढे स्पेनला पाठवलं.

कंपनी तेव्हा चित्रंही खूप विकत घ्यायची, जगभरच्या बुकिंग ऑफिसांत लावायला. हुसेन, गायतोंडे अशांची कामं त्यात आहेत, मिळून हजारोंचा संग्रह झाला. आता तो दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडे गेलाय.

अपघात किती झाले? लोक याबद्दल बोलायला कचरतात.

सगळे इथे लिहीत नाही, पण जे विसरू नयेत ते लिहितो.

३ नोव्हेंबर १९५० ला तीच 'मलबार प्रिन्सेस' आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वतावर आदळली, ४८ जण गेले. आणि २४ जानेवारी १९६६ ला त्याच पर्वतावर 'कांचनजंगा' हे ७०७ आदळलं, ११७ जण गेले, त्यात डॉ. होमी भाभा होते. तिथली बोसाँ हिमनदी अजूनही हळूहळू खाली सरकतेय आणि त्यातून या विमानांच्या वस्तू निघत राहतात. २०१२ मध्ये भारत सरकारची टपालाची एक पिशवी निघाली, ४६ वर्षांनी. टपालाच्या पिशवीपासून सुरू झालेल्या कंपनीची न पोचलेली पिशवी बर्फातून बाहेर येते, ही बातमी वाचली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

१ जानेवारी १९७८ ला 'एम्परर अशोक' मुंबईहून दुबईला निघालं आणि काही मिनिटांतच वांद्र्याजवळ समुद्रात पडलं, २१३ जण गेले. विमानाचा कल दाखवणारं एक उपकरण बिघडलं होतं, बाहेर अंधार आणि खाली समुद्र, विमान कुठे कलतंय हे कॅप्टनच्या लक्षात आलं नाही.

२३ जून १९८५ ची 'कनिष्क' म्हणजे अपघात नव्हे, घातपात. कॅनडाहून लंडनकडे येताना आयर्लंडजवळ समुद्रावर सामानातल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि ३२९ जण गेले, बहुतेक कॅनडाचे नागरिक. २२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीवरून पुढे गेलं, १५८ गेले. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला तसंच झालं, कॅप्टन दीपक साठे त्यात गेले. आणि १२ जून २०२५, अहमदाबाद, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

जेआरडींना खरंच काढून टाकलं होतं?

हो. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना चेअरमनपदावरून दूर केलं आणि माजी हवाई दलप्रमुख पी. सी. लाल यांना नेमलं. वाईट गोष्ट अशी की जेआरडींना ही बातमी सरकारने कळवली नाही, ती लालांकडूनच कळली. एक पैसा पगार न घेता जो माणूस पंचवीस वर्षं हे काम करत होता त्याच्या वाट्याला एवढं साधं सौजन्यही आलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. इंदिरा गांधी तेव्हा सत्तेत नव्हत्या, त्यांनी पत्र लिहून खंत व्यक्त केली आणि १९८० मध्ये सत्तेत आल्यावर त्यांना बोर्डावर परत घेतलं, पण चेअरमन म्हणून नाही.

कुवेतहून लोकांना आणलं ते नक्की काय होतं?

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले. कुवेतचा विमानतळ बंद, मग लोक बसने इराकमधून वाळवंट ओलांडत जॉर्डनला अम्मानपर्यंत यायचे आणि तिथून एअर इंडिया त्यांना मुंबईला आणायची. ५९ दिवस, ४८८ फेऱ्या, १ लाख ११ हजारांहून जास्त माणसं. नागरी विमान कंपनीने केलेली ही जगातली सगळ्यात मोठी सुटका म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली.

यात वेळापत्रक, ड्युटीचे तास, रोजच्या फेऱ्या सगळं मोडून परत बांधावं लागलं. ज्या काळात कंपनी उतरणीला लागली असं म्हणतात त्याच काळातलं हे काम आहे, म्हणून माणसं निकामी झाली होती हे मला कधीच पटलं नाही.

मग बुडाली कशाने?

एका कारणाने नाही. १९७८ नंतर निर्णय दिल्लीत मंत्रालयात व्हायला लागले, विमान खरेदी वर्षानुवर्षं लटकायची. तोपर्यंत आखाती कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांचं गणित सोपं होतं, भारतातल्या पाच-दहा शहरांतून माणूस उचलायचा, आपल्या विमानतळावर दुसऱ्या विमानात बसवायचा आणि युरोप-अमेरिकेला सोडायचा. आपल्याकडचा प्रवासी मुंबई किंवा दिल्लीला येऊन रात्रभर ताटकळण्यापेक्षा तिकडून जायला लागला. देशात १९९४ मध्ये तो १९५३ चा जुना कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली, त्याने इंडियन एअरलाइन्सची मक्तेदारी गेली.

तरी मोठा घाव २००६-०७ चा. एअर इंडियासाठी ६८ बोइंग आणि इंडियन एअरलाइन्ससाठी ४३ एअरबस, अशी १११ विमानांची खरेदी बहुतेक कर्जावर झाली. आणि २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र केल्या. कागदावर बरोबर वाटतं, एक देशात उडते, एक परदेशात, जोडून टाका. पण एकीकडे बोइंग, दुसरीकडे एअरबस, दोन वेगळ्या युनियन, वेगळे पगार, वेगळी बढतीची पद्धत, एकाच हुद्द्यावरच्या दोन माणसांना वेगळा पगार मिळत असेल तर ती शेजारी बसून काम कशी करणार? हे सोडवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली, तीही विलीनीकरण होऊन चार वर्षांनी. त्याच सुमारास २००८ ला तेल भडकलं आणि जगभर मंदी आली. कर्जावर व्याज, व्याजासाठी परत कर्ज असं ते चक्र सुरू झालं आणि विमानातल्या तुटक्या सीटा दुरुस्त करायलाही पैसे उरेनात. २०१४ मध्ये स्टार अलायन्स या जगभरच्या विमान कंपन्यांच्या गटात प्रवेश मिळाला ही त्या काळातली मोठी चांगली बातमी, पण ती एकटी काय करणार.

टाटांनी नक्की किती पैसे दिले? १८ हजार कोटी रोख?

नाही, इथे खूप गैरसमज आहे. बोली १८,००० कोटींची होती, त्यातले १५,३०० कोटी म्हणजे कर्ज अंगावर घेणं आणि २,७०० कोटी सरकारला रोख. ऑगस्ट २०२१ अखेर एकूण कर्ज आणि देणी ६१,५६२ कोटी होती, उरलेली ४६,२६२ कोटी सरकारने आपल्या वेगळ्या कंपनीकडे ठेवली, म्हणजे शेवटी आपण सगळ्यांनीच. याआधी २०१८ मध्ये सरकारने ७६ टक्के हिस्सा विकायचा प्रयत्न केला होता, तेव्हा एकही बोली आली नाही. दुसऱ्या वेळी १०० टक्के विकायला काढली आणि ८ ऑक्टोबर २०२१ ला टाटांची बोली जिंकल्याचं जाहीर झालं, ताबा २७ जानेवारी २०२२ ला.

म्हणजे आता एअर इंडिया सरकारी नाही?

नाही, अजिबात नाही. टाटांची आहे आणि सिंगापूर एअरलाइन्सचा त्यात २५.१ टक्के हिस्सा आहे.

सिंगापूर एअरलाइन्स मध्येच कुठून आली?

'विस्तारा' या विमान कंपनीमुळे. टाटा आणि सिंगापूरवाल्यांनी मिळून २०१५ मध्ये विस्तारा सुरू केली होती, ५१-४९ अशी. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली आणि त्या बदल्यात सिंगापूरला हा हिस्सा मिळाला. त्याआधी १ ऑक्टोबरला जुनी एअरएशिया इंडिया ही एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेली. म्हणजे चार कंपन्यांच्या दोन केल्या, एक पूर्ण सेवेची आणि एक स्वस्त तिकिटांची. २००७ चा अनुभव बघता पायलटांची सीनिऑरिटी आणि पगार हे प्रश्न यावेळी आधी सोडवायला हवे होते, काही सुटले, काहींवरून २०२४ मध्ये विस्ताराच्या पायलटांची नाराजी उफाळली आणि रोजच्या फेऱ्या रद्द झाल्या.

४७० विमानांची ऑर्डर खरी आहे का?

खरी आहे. फेब्रुवारी २०२३, २५० एअरबस आणि २२० बोइंग. त्यात मोठी लांब पल्ल्याची विमानं ७०, बाकी छोटी. डिसेंबर २०२४ मध्ये अजून १०० एअरबस जाहीर केली. पण ऑर्डर म्हणजे उद्या विमान दारात असं नसतं, कारखान्यांत रांग लागलेली आहे, सुटे भाग आणि सीटा मिळायलाही उशीर होतोय. जुन्या विमानांची आतून डागडुजी रेंगाळली ती त्यामुळेच. पहिलं एअरबस ए३५० मात्र डिसेंबर २०२३ मध्ये आलं आणि जानेवारीत उडायलाही लागलं.

नवा लोगो आणि महाराजा, दोन्हींचं काय?

ऑगस्ट २०२३ मध्ये 'द व्हिस्टा' नावाचं नवं चिन्ह आलं, ते सोनेरी खिडकीच्या वरच्या टोकावरून घेतलंय, म्हणजे तेच जुने झरोके. त्याआधी २००७ पासून हंस आणि कोणार्कचं चक्र होतं आणि त्याच्याही आधी धनुर्धारी, धनू राशीतला. महाराजाला काढलेलं नाही, फक्त पुढच्या ओळीतून मागे नेलंय. मला तो पुढेच आवडायचा.

बायकांना पायलट म्हणून कधी घेतलं?

दुर्बा बॅनर्जी १९६६ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये आल्या. आणि १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फक्त महिलांच्या क्रूची फ्लाइट नेली, फोकर विमान, कलकत्ता ते सिल्चर. २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बंगळूरला आल्या.

अहमदाबादच्या अपघातानंतर एअर इंडियाने प्रवास करावा का?

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडन गॅटविकला निघालेलं बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला, जमिनीवरचेही लोक गेले, एकूण २६०. जुलैमध्ये प्राथमिक अहवाल आला, त्यात इंजिनांचा इंधनपुरवठा बंद करणारे दोन्ही स्विच उड्डाणानंतर लगेच बंद स्थितीत गेले एवढं म्हटलंय. ते का गेले याचं उत्तर त्या अहवालात नाही आणि तेवढ्यावरून गेलेल्या पायलटांना दोषी ठरवणारे मेसेज पुढे पाठवू नका अशी हात जोडून विनंती आहे, त्यांच्याही घरी माणसं आहेत.

करावा की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, मी करतो. पण कंपनीला विचारायचे प्रश्न आपण सोडू नयेत, देखभालीच्या नोंदी, तपासण्या, वेळेवर केलेली कामं, हे सगळं चहाच्या रंगाइतक्या बारकाईने विचारायला पाहिजे.

नरिमन पॉइंटची बिल्डिंग अजून एअर इंडियाचीच आहे का?

बिल्डिंग १९७४ ची, २३ मजली, वर फिरणारा तो धनुर्धारी कुणाला आठवत नसेल. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत तिच्यावरही हल्ला झाला होता. मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेलं. टाटांना विकताना ही बिल्डिंग सौद्यात नव्हती, नंतर ती महाराष्ट्र सरकारला १,६०१ कोटींना द्यायचं ठरलं.

जिथून सुरू झालं ती जुहूची जागा अजून आहे का?

आहे. मोठी विमानं कधीच सांताक्रूझला गेली, जुहूला आता मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. १५ ऑक्टोबर १९८२ ला पन्नास वर्षं झाली तेव्हा ७८ वर्षांचे जेआरडी परत कराचीला गेले, लेपर्ड मॉथ नावाच्या तसल्याच छोट्या विमानात एकटे बसले आणि अहमदाबादमार्गे जुहूला येऊन उतरले. या वेळीही सोबत टपालाची पिशवी होती.